जवायाच्या नावाचं वायफाय

संग्रामपूर, ४ ऑक्टोबर

शेखर,

रामराम. तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचं म्हणता म्हणता श्रावण गेला, भादवा गेला. तुझ्या कानांनी साथ सोडल्यापासून आपलं बोलणं म्हणजे हे कागदच, आणि तरी मी आळस करतो. मोबाइलवर लिहायला तू तयार नाहीस. खरं सांगायचं तर मलाही ते जमत नाही. चार ओळी टाकल्या की बोट दुखतं आणि मन तसंच भरलेलं राहतं.

आज कामासाठीच लिहितो आहे. तू फौजेत सगळी नोकरी सिग्नलमध्ये काढलीस, वायरलेसचं तुला कळतं. प्रश्न असा की, एका ऑफिसला वायफायची नावं किती लागतात?

हसू नकोस. आमच्या शेतकरी कंपनीचं ऑफिस तू पाहिलं आहेस. दोन खोल्या, मागे गोदाम. मी तिथला व्यवस्थापक, म्हणजे व्यवस्था सोडून बाकी सगळं करणारा. भिंतीवर वायफायच्या दोन पेट्या बसवल्या तेव्हा नाव एकच होतं, 'ऑफिस'. मग आमचे अध्यक्ष उकंडराव म्हणाले, "फोन उघडला की माह्यं नाव दिसलं पायजे." पेट्या बसवणारा म्हणाला, "नाव टाकाले काय लागते साहेब, फुकटच हाये." अध्यक्षांचं टाकलं तर संचालकांनी काय घोडं मारलं? एकेक करत त्यांचीही आली. गोदामाचं वेगळं, पाहुण्यांचं वेगळं. आज फोन उघडला की आठ नावं दिसतात. मला ते लग्नपत्रिकेसारखं वाटलं होतं. आपल्याकडे पत्रिकेत एक नाव वाढवल्याने कोणाचं बिघडत नाही, गाळल्याने मात्र दोन पिढ्या बिघडतात.

आता झालंय असं की, हमीभावाच्या सोयाबीनची नोंदणी सुरू झाली आणि आमचं काम पुढे सरकेना. शेतकरी मशीनवर अंगठा ठेवतो आणि उभाच राहतो. कंप्युटरवर बसणारी राखी दिवसभर एकच वाक्य बोलते, "सर, चकरी फिरूनच राह्यली." बाहेर रांग. काल एका म्हातारीने अंगठा पदराला पुसून पुसून लाल केला. तिला वाटलं दोष तिच्या बोटाचा आहे. नोव्हेंबरच्या मध्यात नोंदणी बंद होते. ज्यांचं नाव चढलं नाही त्यांनी सोयाबीन व्यापाऱ्याला द्यायची.

किती नावं ठेवावीत ते लिही. एक मात्र सांगतो. त्यातलं एक नाव आमच्या जवायाचं आहे, धामणगाव बढ्याच्या रामरावांचं. ते आमच्या संचालक मंडळात आहेत. वैशाखात माझ्या मुलाच्या लग्नात पत्रिकेवर त्यांचं नाव खालच्या ओळीत गेलं. अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेले. तेव्हापासून माझी बहीण विमल माहेरी आलेली नाही. इकडे माय आषाढात पडली ती खाटेवरच आहे, आणि रोज सकाळी डोळे उघडले की विचारते, "इमल आली का?" रामरावांचं मन वळावं म्हणून मीच ते नाव वायफायवर चढवलं. तेव्हा ते नाव राहील आणि काम चालेल, असं काही सांग.

तुझा,
माणिक


जानेफळ, ९ ऑक्टोबर

बे माणक्या,

रामराम. तुह्यं पत्र आलं. मले सासुरवाडीत राहून राह्यल्याले बारा वर्सं झाले, पण असं पत्र मले कोणी धाडलं नाही. वाचून हसलो, मंग हसू थांबलं.

तुले वाटते नाव म्हणजे पाटी. भितीले टांगली की गप लटकून राह्यली. तसं नाही. वायरलेसचं नाव म्हणजे दवंडीवाला. तो दिवसभर, रातभर, एका सेकंदात धा-धा डाव वरडते की मी इथं हाओ. कोणी आयको, नाही आयको. अन् तेही सावकाश वरडते, सगळ्यात जुन्या फोनलेही समजावं म्हणून. अन् हवेचा नेम असा की एका टायमाले एकानंच बोलाव. एक बोलून राह्यला की बाकीचे चूप. फौजेत आमाले पहिल्या दिवशी हेच शिकोलं. आता तुह्या दोन खोल्याईत आठ दवंडीवाले, अन् पेट्या दोन, म्हणजे सोळा. ते सगळे आपापलं नाव सांगून राह्यले. मंग त्या म्हातारीच्या अंगठ्याची पाळी कवा येईन?

अन् आठ नावं म्हणजे आठ नळ नोहेत. टाकी एक, पाइप एक. नुसत्या तोट्या वाढवल्या तुम्ही.

दोन नावं ठेव. एक कामाचं, त्याच्यावर कंप्युटर अन् अंगठ्याची मशीन, दुसरं कोणी नाही. अन् एक येणाऱ्या-जाणाऱ्याईचं. तिसरं खरंच लागलं तं लागलं. चौथं म्हणजे हौस. तू पहाटे उठून देवाचे हजार नावं घेते म्हणून पेटीनंही घ्याव का बे?

जवायाचं नाव ठेवून काम चालवाचा मंत्र माह्यापाशी नाही. ते काढावं लागीन. रामराव वाघ नाही. माणूसच हाये.

मायले माह्या नमस्कार सांग. तिच्या हातची ज्वारीची भाकर मी शाळेत तुह्या डब्यातून चोरून खाल्ली हाये, ते तिले माहीत होतं.

शेखर


संग्रामपूर, १५ ऑक्टोबर

शेखर,

तुझं दवंडीवाल्याचं राखीला वाचून दाखवलं. तिला लगेच पटलं. पटलेल्या गोष्टी करता येतातच असं नाही, हे तिला अजून ठाऊक नाही.

रविवारी ऑफिस बंद असताना मी हिंमत करून चार नावं काढली. उकंडरावांचं आणि रामरावांचं ठेवलं. सोमवारी सकाळी पाऊण तास मशीन कशी पळाली म्हणून सांगू! अंगठा ठेवला की नोंद. रांग उभी असतानाच संपत होती. मग एक संचालक चहा प्यायला आले, फोन उघडला आणि तिथेच उभे राहून ओरडले, "अध्यक्षाचं नाव हाये, जवायाचं नाव हाये, अन् आमी का मेलो?" रांगेतले लोक मागे वळून पाहायला लागले. दुपारपर्यंत दुसऱ्यांचा फोन, मग तिसऱ्यांचा. उकंडराव म्हणाले, "माणिकराव, कायले वाद? नावं लाव. लोकाईले उद्या बलाव." संध्याकाळी आठही दवंडीवाले पुन्हा आपापल्या जागी.

त्या संचालकांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. रामरावांचं नाव ठेवून दुसऱ्यांचं काढलं, हे मी घरासाठी केलं होतं, ऑफिससाठी नाही. काढायची तर सगळ्यांचीच काढावी लागतील, आणि सुरुवात माझ्या जवायापासून.

तेच हातून होत नाही. तू म्हणतोस ते वाघ नाहीत. पण ज्या दिवशी त्यांचं नाव लागलं, त्या दिवशी मिटिंगमध्ये त्यांनी फोन सगळ्यांना फिरवून दाखवला होता. मी त्यांचा चेहरा पाहिला. लग्नानंतर पहिल्यांदा ते माझ्याशी हसून बोलले. मला वाटलं, आता विमल येईल. त्या रात्रीच फोन केला. म्हणाली, "येतो ना दादा, पाहू." नंतर पुन्हा केला. पुन्हा तेच. आवाज कोरडा. म्हणजे अजून गाठ पुरती सुटलेली नाही. अशात ते नाव काढलं तर दोर तुटलाच म्हणून समज.

माय आता पेज घेते, तीही दोन चमचे. मला कधी ओळखते, कधी आमचे वडील, बापू, समजून हाक मारते. विमलला मात्र विसरत नाही. पहाटे मी देवापुढे सहस्रनाम म्हणायला बसतो तेव्हा ती खाटेवरून ऐकते, आणि मधेच विचारते, "मोटर वाजली का? इमल आली काय?" मी नाव अर्ध्यावर सोडून म्हणतो, "इमल येईन माय." आणि पुढचं नाव आठवत नाही.

हजार नावं घेताना मी कधी थकलो नाही, शेखर. या आठांनी थकवलं.

माणिक


जानेफळ, २० ऑक्टोबर

माणक्या,

यावेळचं पत्र माह्या आधी आमच्या कारभारणीनं, दीपमालानं वाचलं. तिले मी किती डाव सांगतलं की दुसऱ्याचं टपाल फोडू नाही. पण मले आयकू येत नाही याचा ती पुरा फायदा घेते. तुले माहीत हाये, आमच्या घरी बोलणं म्हणजे खडू-पाटी. मी वावरातून आलो तं पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं:

"इमलबाईले न्यायले कोण गेलं?"

मी म्हटलं, इथं वायफायचं चालून राह्यलं, हे काय मधात? तिनं पुसून दुसरं लिहिलं. आमी इथं राहाले याच्या आधी, तिच्या भावानं एका दिवाळीले तिले आणाले टेम्पोवाला धाडला होता. भाऊ सोता वावरातल्या पाण्याच्या कामात होता. हिनं टेम्पोवाल्याले चहा पाजला, लाडू देल्ले, अन् खाली टेम्पो वापस धाडला. मले तवा सांगतलं होतं डोकं दुखते म्हणून. आज पाटीवर समजलं की डोकं कायनं दुखत होतं.

मले याच्यातलं फार समजत नाही. मी फौजी माणूस, रेल्वेचं वारंट आलं की गाडीत बसलो. पण ती म्हणते, जवायाच्या रुसव्याचं तुमी धरून बसले, पोरीच्या मनात काय हाये ते कोणी इचारलं का? बापू गेल्यावर भावानं एक डाव तरी उंबरा चढाव का नाही? मी म्हटलं, माणिकले इचारून पाहतो. म्हणून इचारून राह्यलो. रागाऊ नको.

शेखर


संग्रामपूर, २४ ऑक्टोबर

शेखर,

दीपमालावहिनींना माझा नमस्कार सांग आणि त्यांना सांग, की माणिकला एवढं कळतं.

विमल आता नवी नवरी राहिलेली नाही. तिच्या सुनेची पोरं शाळेत जातात. मोताळ्याहून गाड्या आहेत. मी फोन केला, एकदा नाही, कितीदा. जीप पाठवतो म्हटलं, तर नको म्हणाली. इथे मायला कूस बदलायला माणूस लागतं, मुलगा-सून नोकरीच्या गावी, माझी बायको कोकिळा एकटी किती करणार? ऑफिसात मी एक दिवस नसलो तर रांगेतल्या माणसांना उत्तर द्यायला कोणी नसतं. मी कधी जाऊ? रुसलेल्या जवायाच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि त्यांनी "या" म्हटलं नाही तर? मी तुला वायफायची नावं विचारली होती.

बाकी ठीक.

माणिक


जानेफळ, २८ ऑक्टोबर

माणक्या,

रागावलाच. बरं.

'इमलबाईले न्यायले कोण गेलं?' हे तिनं पाटीवर परत लिहून ठेवलं, अन् अजून पुसलं नाही. मी बाजाराचं सामान काय आणाचं ते तोंडानं इचारून राह्यलो अन् ती बोटानं सांगून राह्यली.

दिवाळीले ऑफिस बंद असते ना बे?

शेखर


संग्रामपूर, ४ नोव्हेंबर

शेखर,

मागच्या पत्रात मी कडू लिहिलं. ते धरून ठेवू नकोस.

पाडव्याला सकाळी निघालो. कोकिळानं पिशवीत फराळ भरून दिला आणि एवढंच म्हणाली, "जा. मायकडं मी पाहतो." गाडीत खिडकीशी बसून मी मनात वाक्यं जुळवत होतो. रामरावांना तोंडावर सांगायचं ठरवलं होतं, की तुमचं नाव वायफायवरून काढावं लागतंय, राग मानू नका. त्यातच जमलं तर विमलचा विषय काढायचा. सणाच्या दिवशी माहेरी-सासुरवाडीला निघालेल्या माणसांनी भरलेली गाडी, सगळीकडे नवे कपडे, आणि मी एकटा दवंडीवाले मोजत होतो.

रामराव पडवीत बसले होते. मागे वेचलेल्या कापसाचा ढीग. मला पाहून उठले.

"या माणिकभाऊ! रस्ता चुकले का काय?"

विमलनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. पाया पडली. तशीच वळून आत गेली. मला वाटलं, बघ, अजून राग आहे. मी पाणी प्यालो आणि सुरू झालो. तुझं सगळं सांगितलं. हवेत एका वेळी एकच बोलतो, नाव म्हणजे पाटी नाही, म्हातारीचा अंगठा, नोंदणीची तारीख. रामराव कान देऊन ऐकत होते. शेवटी मी हात जोडले आणि म्हटलं, "तुमचं नाव काढतो. मनाला लावून घेऊ नका."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग हसायला लागले.

"कोणतं नाव? ते फोनातलं? काढा ना! म्या ते एकदाच पाह्यलं, मिटिंगात. तेवढ्यात एक पोट्टा म्हणे, मामा पासवर्ड काय? मले काय माहीत पासवर्ड? लाज गेली माही. मी तं आपला माह्या मोबाइलच्या डाट्यावरच हाओ."

"पण मला वाटलं, लग्नापासून तुम्ही..."

"रुसलो होतो ना! काऊन नाही रुसाव? जवाई हाओ का गंमत? पण वैशाखातला रुसवा दिवाळीपर्यंत कोण ठेवते भाऊ? विळा घेऊन सोयाबीन सोंगाव का रुसून बसाव?"

मग विमल का येत नव्हती? मला तो प्रश्न विचारावा लागला नाही. ती दारात उभी होती. हाताला पीठ लागलेलं.

"दादा, तू मले न्यायले आला का वायफायचं सांगाले आला?"

रामराव कापसातली काडी वेचायला लागले.

"मी म्हणतच होतो," ते हळूच म्हणाले, "की जाय बाई, मायले भेट. ही म्हणे, दादा आल्याबिगर नाही."

"काऊन जाऊ?" विमल म्हणाली. "फोन तं गॅसवालाई करते. माय खाटेवर पडली, अन् भाऊ फोनात म्हणते, ये ना. मी का पार्सल हाओ, आपोआप येऊन पडाले? जीप धाडतो म्हणे! गावच्या बाया इचारतात, विमलबाई, तुमाले माहेर हाये का नाही? काय सांगू त्याईले? बापू होते तं दरसाल आखाडीले यायचे, दिवाळीले यायचे. या खुंटीले त्याईची पिशवी लागायची. ते गेल्यावर तू एक डाव तरी हा उंबरा चढला का?"

चढलो नव्हतो, शेखर. तिचा आवाज फोनवर कोरडा का होता, ते मी महिनोन्‌महिने जवायाच्या माथी मारत होतो. उत्तर द्यायला गेलो तर तुला लिहिली होती तीच कारणं ओठांवर आली. ऑफिस, रांग, कोकिळा. ती तिच्यासमोर म्हणवेनात.

"न्यायलाच आलो," मी म्हटलं.

"मंग आधी तेच म्हणाव ना," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले तर पीठ गालाला लागलं. रामराव म्हणाले, "घ्या. आता रडूनही घ्या, जेवूनही घ्या."

तिने मला त्या दिवशी सोडलं नाही. पुरणपोळी केली. मायसाठी नाचणीचं पीठ दळून घेतलं, साखर वेगळी बांधली. शेजारच्या चार घरी जाऊन सांगून आली, की भाऊ न्यायले आला हाये. मला प्रत्येक घरी चहा घ्यावा लागला. भाऊबीजेला सकाळी आम्ही निघालो. गाडीत ती पिठाची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. मी तिच्या शेजारी. थकवा होता, पण वेगळा.

माय जागी होती. विमलला पाहून म्हणाली, "इमल, एवढा उशीर?"

"दादाले वायफायचं काम होतं," विमल म्हणाली.

"कायचं?"

"असते काहीतरी हवेत."

मायने मान हलवली, जणू तिला सगळं समजलं, आणि विमलचा हात धरून झोपली. विमलने डाव्या हाताने मला ओवाळलं, कारण उजवा मायच्या मुठीत होता.

वहिनींना सांग, पाटी पुसायला हरकत नाही.

तुझा,
माणिक


जानेफळ, ९ नोव्हेंबर

माणक्या,

पत्र वाचून दीपमाला लय वेळ ओट्यावर बसली होती. मंग पाटी पुसली, अन् त्याच्यावर पहिलं काय लिहिलं तं "तेल संपलं". तवा समजलो की घर सुरळीत झालं.

आता माह्या कामाचं सांग. नावं किती राह्यली? जवाई गेला, बाकीच्याईचं काय? दोनाच्या वर ठेवले असतीन तं मी तुह्या ऑफिसात येऊन पेटीच उपटून नेईन. फौजेतल्या माणसाची इज्जत हाये याच्यात. अन् इमलबाईले सध्या जाऊ देऊ नको. राहू दे चार दिवस जास्तीचे. मायची तबेत लिही.

शेखर


संग्रामपूर, २६ नोव्हेंबर

शेखर,

तेरवीला तू येऊन गेलास. दीपमालावहिनी विमलजवळ किती वेळ बसल्या होत्या. तुला खूप सांगायचं होतं, पण माणसांच्या गर्दीत तुझ्या कानाशी ओरडून ते सांगता येईना. म्हणून लिहितो.

आधी तुझ्या कामाचं. दिवाळीनंतरच्या मिटिंगमध्ये रामराव सगळ्यांच्या आधी उठले. "पहिलं माह्यं नाव काढा," म्हणाले, "माह्या तं पासवर्डच मले माहीत नाही." सगळे हसले, आणि मग एकालाही आपलं नाव धरून ठेवता येईना. ज्यांनी रांगेसमोर आरडाओरड केली होती त्यांनीच सगळ्यात आधी मान हलवली. उकंडराव मात्र बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. शेवटी म्हणाले, "सगळेच काढा. पण माह्यं राहू द्या बाबा. म्हातारा माणूस हाओ, फोन उघडला की बरं वाटते." तेवढं राहिलं, म्हणून नावं तीन आहेत. कामाचं, शेतकऱ्यांचं आणि उकंडरावांचं. पेटी उपटायला येऊ नकोस. तिसरं लागलं तर लागलं, हे तूच लिहिलं होतंस, आणि आता माझ्यात भांडायचं बळ नाही.

मशीन चालू लागली. रांग हलली. शेवटच्या आठवड्यात आम्ही सकाळी लवकर उघडत होतो आणि दिवेलागणीपर्यंत बसत होतो. राखीनं घरचे डबेसुद्धा ऑफिसात मागवले. आलेल्यांपैकी कोणाचं नाव राहिलं नाही, एवढं मी देवापुढे सांगू शकतो.

त्याच आठवड्यात माय गेली. दुपारची वेळ. मी ऑफिसात होतो. फोन टेबलाच्या खणात ठेवला होता, कारण दिवसभर तो वाजतच असायचा. कोकिळाचा निरोप घेऊन शेजारचा माणूस सायकलवर आला, तेव्हा मी एकाचा अंगठा मशीनवर धरून होतो. त्याची नोंद झाल्यावर उठलो. का थांबलो, मला अजून सांगता येत नाही. घरी पोचलो तेव्हा विमलनं मायचे केस विंचरून, हात जुळवून ठेवले होते.

मी आयुष्यभर ऐकत आलो की शेवटच्या घडीला देवाचं नाव तोंडी यावं. मी विमलला विचारलं, "मायनं नाव घेतलं का?"

"नाही दादा," ती म्हणाली. "कोणाचंच नाही. माह्यं नाही, तुह्यं नाही, देवाचंही नाही. पाणी दे म्हणे. देल्लं. मंग माह्याकडं पाहून राह्यली होती."

"तू तिच्या कानात म्हटलंस का काही?"

"ध्यानातच नाही आलं. मी तिच्या केसाईत हात फिरवत होती."

आधी मनाला चुटपुट लागली. तिच्यासाठी म्हणून दहा दिवस पहाटे सहस्रनाम म्हटलं. पण खरं सांगतो, वाचताना डोळ्यापुढे यायचा तो विमलचा हात. आता चुटपुट राहिलेली नाही. तिच्याजवळ कोणी असावं, एवढंच हवं होतं. ते झालं. मी नव्हतो, पण ते झालं.

काल सगळे पाहुणे गेले. रामराव म्हणाले होते, मी येतो इमलले घ्यायला. मी म्हटलं, नको, मी पोचवून देतो. ऑफिसला तशी सुट्टी कळवली आहे. उद्या सकाळी निघायचं आहे.

आत्ता संध्याकाळ आहे. विमल मायची खाट आवरत होती. गोधड्या उन्हात टाकलेल्या काढल्या, घडी घातली, एक लुगडं आपल्यासाठी बाजूला ठेवलं. मी दाराशी उभा होतो. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आता तू न्यायले नाही आला तरी चालते दादा. माय होती तं गोष्ट वेगळी. आता इथं माही वाट कोण पाहीन?"

कोकिळा आतून ऐकत होती, तिचं भांड्यांचं काम थांबलं. मला एवढंसं बोलायला किती वेळ लागला, शेखर.

"मी पाहीन," मी म्हटलं.

विमलने हातातल्या गोधडीची घडी पुन्हा नीट केली. मग ती कोनाड्यात ठेवली, आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली.

तुझा,
माणिक